राख काढण्याचा मान

जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरात दिवसाची पहिली सेवा कोणती, असा प्रश्न केला तर आपल्यापैकी बहुतेक जण काकडआरतीच्या धर्तीवर काही तरी उत्तर देतील. वस्तुतः ती सेवा राख काढण्याची होती. वेदीवर रात्रभर जळत राहिलेल्या आहुतींची थोडी राख पहाटे एका पुरोहिताने पूजेची शुभ्र वस्त्रे लेवून चांदीच्या पात्रात घ्यावी, ती वेदीच्या बाजूस ठेवावी आणि तेथून त्या दिवसाच्या उपासनेस प्रारंभ व्हावा, असा नेम होता. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मशास्त्रग्रंथात याविषयी एक हकीकत आली आहे. हा मान आपल्याला मिळावा म्हणून तरुण पुरोहित वेदीच्या चढणीवरून धावत वर जात. जो आधी पोचेल त्याची सेवा. एकदा या चढाओढीत धक्का लागून एकाचा पाय मोडला. तेव्हा न्यायसभेने धावण्याची प्रथा बंद करून बोटे मोजून नाव काढण्याची पद्धत घातली.

पण गोष्टीचा खरा अर्थ पुढेच आहे. मूठभर राख बाजूला ठेवणे हा झाला विधी. मोठा ढीग वेदीवर तसाच असे. तो वस्तीबाहेर नेऊन टाकताना पूजेची वस्त्रे उतरवून दुसरी वस्त्रे घालावीत, अशी आज्ञा आहे. हे दुसरे, अंग मळवणारे काम मात्र त्या समाजाने निराळ्या जातीच्या गळ्यात घातले नाही. तेही पुरोहितकुळाकडेच राहिले. जेथे मान आहे तेथेच श्रमही आहेत, फक्त मध्ये कपडे बदलायचे.

आपल्याकडेही देवाच्या दारी झाडण्याला मान आहे. पुरीच्या रथयात्रेत गजपती महाराज सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथ झाडतात आणि ते दृश्य पाहून लाखो भाविकांचे अंतःकरण भरून येते. गोमंतकात आणि कोकणात देवळाचे अंगण सारवणे, निर्माल्य उचलणे ही सेवाच समजली जाते. तथापि जत्रा उठल्यावर द्रोण-पत्रावळींचे ढीग, देवळामागचे गटार आणि भाविकांसाठी बांधलेल्या शौचालयांची टाकी यांच्याकडे कोण वळतो, हे सर्वांना ठाऊक असूनही आपण त्याविषयी सहसा बोलत नाही. तेथे महाराजांचा झाडू पोचत नाही. कपडे बदलण्याऐवजी आपण माणूसच बदलतो.

प्रस्तुत लेखात ज्या कलेचा विचार करावयाचा आहे ती या दोन राखांमधील अंतराशी संबंधित आहे. ज्यू परंपरेतून स्फुरलेली, चव्हाट्यावर मांडलेली आणि पाहणाऱ्याला न्यायाच्या बाजूने काही करावयास लावणारी कला असू शकते काय, असली तर तिची कसोटी कोणती, आणि आपल्या देवालयांभोवती जमणाऱ्या समाजाला तिच्यापासून काही घेण्यासारखे आहे काय, असा हा प्रश्न आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करणे इष्ट. मुंबई-पुण्याच्या वाचकासमोर ज्यू आणि सार्वजनिक वास्तू हे शब्द उच्चारले की ससून घराण्याचे नाव पुढे येते. पुण्याचे ससून रुग्णालय, मुंबईचे डेव्हिड ससून वाचनालय, कुलाब्याची ससून गोदी ही नावे आपल्या रोजच्या व्यवहारात रुळलेली आहेत. बगदादहून आलेल्या या घराण्यातील आल्बर्ट ससून यांनीच प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा मुंबईला दिला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. त्याच्यावरून त्या भागास काळा घोडा हे नाव पडले. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला, आणि २०१७ मध्ये त्या जागी दुसरा काळा घोडा आला; त्याच्या पाठीवर स्वार नाही. (राजा नको, पण घोडा हवा, हा मुंबईकरांचा कौल मला तरी मोठा रसिकतेचा वाटतो.) परंतु देणारा ज्यू होता एवढ्यावरून मूळ पुतळा ज्यू परंपरेतून स्फुरला असे म्हणता येणार नाही. किंबहुना मूर्ती घडवण्याविषयी त्या धर्माचा कटाक्ष लक्षात घेता ते उलटच होय. तो पुतळा राजनिष्ठेतून आला, धर्मातून नव्हे. त्याच्यापुढे उभे राहणाऱ्याकडून मान वर करण्यापलीकडे कशाचीच अपेक्षा नव्हती. आपल्या देवळांच्या सभामंडपात संगमरवरी फरशीवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. ती वाचून दाता कोण हे कळते, पण आपण काय करायचे हे कळत नाही. त्यातलाच हा प्रकार.

ज्यू परंपरेची खरी खूण ससूनांच्या संगमरवरात नसून कोकणातल्या बेने इस्रायली समाजाच्या मराठी कीर्तनात आहे. अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज गावकऱ्यांच्या तोंडी ‘शनिवार तेली’ झाला. दिवेकर, अष्टमकर, केहीमकर, चेऊलकर ही त्यांची आडनावे ऐकून कोणी परके म्हणणार नाही. एलियाहू नबीच्या नावाने ते पोहे, गूळ, नारळ आणि फळे यांचा मलिदा करतात. आपला प्रसाद त्याहून फारसा वेगळा नाही. या मंडळींनी १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तनाची परंपरा सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पद्यात रचून ती हरिदासी थाटात उभी राहून लावायची, साकी-दिंडीच्या चालीवर गायची, असा तो प्रयोग होता. ज्यांना हिब्रू कळत नव्हते अशा स्वजनांना आपला धर्मग्रंथ कळावा, हा त्यामागील हेतू.

कीर्तन हे आपल्या भाषेतील एक जुने सार्वजनिक कलारूप. ते देवळातून उचलून सिनगॉगच्या मंडळींपुढे नेताना कोणाचा धर्म बाटला नाही, आणि मोशेच्या आख्यानात गुलामांच्या मुक्तीची कथा मराठी ओठांवर आली. त्या कथेत देव बाजू घेतो ती विटा पाडणाऱ्या वेठबिगारांची, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आख्यानाचे महत्त्व कळते. या कीर्तनाचे कार्य मुख्यतः शिकवणुकीचे राहिले. श्रोत्याला मांडवाबाहेर काढून कामाला लावणे हा त्याचा उद्देश नव्हता, आणि त्याबद्दल त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र एक रूप एका उपासनेतून दुसऱ्या उपासनेत सन्मानाने जाऊ शकते हे त्याने सिद्ध केले. त्यांनी आपले कीर्तन घेतले. आता त्यांच्या परंपरेतून काही आपण घेतले तर तो केवळ परतफेडीचा व्यवहार होईल.

घेण्यासारखे काय आहे हे समजण्यासाठी एका शब्दाचा अर्थ पाहावा लागतो. दानाला हिब्रू भाषेत ‘त्सदाका’ म्हणतात आणि त्याचा धातू न्यायवाचक आहे. देणारा कृपा करीत नाही, देणे फेडतो, असा त्यातला भाव. आपल्याकडे ऋणाची कल्पना आहेच. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण मानतो. पण कायद्याच्या अभ्यासकाला त्या शब्दात आणखी एक गोष्ट दिसते. जेथे देणे आहे तेथे धनको आहे, आणि धनकोला मागण्याचा हक्क आहे. याचक आणि धनको यांच्यात जे अंतर आहे तेच दया आणि न्याय यांच्यात. म्हणून या परंपरेतून आलेल्या कलेला मी एकच कसोटी लावतो: ती पाहणाऱ्याला ऋणकोच्या जागी उभे करते की दात्याच्या?

ही कसोटी अमेरिकेतील एका कलाकृतीला लावून पाहू. सुक्कोथ हा ज्यूंचा मांडवाचा सण. (याच सुमारास बेने इस्रायली पूर्वी खिरीचा सण पाळीत.) रानात भटकणाऱ्या पूर्वजांची आठवण म्हणून सात दिवस पक्के घर सोडून पालाच्या झोपडीत बसायचे, जेवायचे. या झोपडीला ‘सुक्का’ म्हणतात. तिचे छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूंचेच असावे, ते विरळ असावे, अशी तपशीलवार शास्त्राज्ञा आहे. झोपडीत फळे टांगतात. गोव्यातील चवथीची माटोळी ज्याने पाहिली आहे त्याला ती ओळखीची वाटेल. २०१० च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर या भर चौकात अशा बारा सुक्का दोन दिवसांसाठी उभारण्यात आल्या. ‘सुक्का सिटी’ या स्पर्धेसाठी जगभरच्या वास्तुकारांकडून आलेल्या सहाशेहून अधिक आराखड्यांतून त्या निवडलेल्या होत्या. त्यांतील एक रोनाल्ड रेल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेलो यांची ‘पाट्यांची सुक्का’. रस्त्यावर राहणारे बेघर लोक तेथे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आपली विनवणी लिहून बसतात. तसल्या पाट्या त्यांच्याकडून रोख पैसे देऊन विकत घेण्यात आल्या आणि त्यांनीच ती झोपडी मढवली.

कल्पना चटका लावणारी आहे, हे निर्विवाद. निवाऱ्याचा सण, आणि भिंती बेघरांच्या अक्षरांच्या. पाट्या फुकट न उचलता त्यांचे मोल दिले, हीही न्यायबुद्धीच. तरीसुद्धा माझे मन तेथे थांबते. शास्त्राचा आग्रह असा की घरमालकाने स्वतः घर सोडून झोपडीत बसावे. झोपडीचे सौंदर्य पाहावे असा नव्हे. चौकातील प्रेक्षक बाहेर उभा राहून पाट्या वाचतो, हळहळतो आणि संध्याकाळी आपल्या पक्क्या घरी परततो. नंतर त्या झोपड्यांचा लिलाव होऊन बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत झाली, ही चांगली गोष्ट. पण ती लिलावात बोली लावणाऱ्यांनी केली. चौकातून जाणाऱ्यावर कलाकृतीने काहीच ऋण टाकले नाही. तिने करुणा जागी केली, आणि करुणा हा दात्याचा भाव आहे.

याउलट ज्या कलाकृतीकडे मला वाचकांचे विशेष लक्ष वेधायचे आहे ती करुणेला जवळ येऊ देत नाही. तिची कर्ती मियर्ल लॅडरमन युकलीज. १९३९ मध्ये डेन्व्हर येथे एका ज्यू धर्मगुरूच्या घरी जन्मलेली ही स्त्री स्वतः आचारनिष्ठ आहे. पहिले अपत्य झाल्यावर तिच्या ध्यानात आले की आपला सारा दिवस धुणे, पुसणे, भरवणे यांत जातो, आणि कलावंत मंडळी अशा कामाला कवडीचीही किंमत देत नाहीत. १९६९ मध्ये तिने एक जाहीरनामा लिहिला. त्याचा सारांश असा की जगात दोन प्रकारची कामे आहेत: नवे निर्माण करणे आणि निर्माण झालेले टिकवणे. पहिल्याला कीर्ती मिळते, दुसऱ्याला तुच्छता. तिने दुसऱ्यालाच आपली कला म्हणून घोषित केले. १९७३ मध्ये हार्टफर्ड येथील कलासंग्रहालयाच्या पायऱ्या तिने गुडघ्यांवर बसून घासल्या. आपल्या घरातल्या बायका आणि घाटावरल्या परटिणी हसल्या असत्या, आणि त्यांचे हसणे रास्तच ठरले असते, जर गोष्ट तेथेच थांबली असती.

१९७६ मध्ये तिने एका इमारतीतील तीनशे सफाई-कामगारांसह एक प्रयोग केला. त्याचे परीक्षण लिहिताना एका समीक्षकाने थट्टेने सुचवले की शहराच्या सफाईखात्यानेही आपल्या कामाला कला म्हणावे, म्हणजे त्याला कलेसाठीचे सरकारी अनुदान मिळेल. न्यूयॉर्क नगरी त्या काळी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती; सफाईखात्याच्या खर्चाला कात्री लागलेली. युकलीजबाईंनी ते परीक्षण सरळ सफाईखात्याच्या प्रमुखाकडे पाठवून दिले. तिकडून विचारणा झाली: दहा हजार माणसांबरोबर कला करणार काय? १९७७ पासून ती त्या खात्याची बिनपगारी निवासी कलावंत झाली. समीक्षकाच्या कुचेष्टेतून इतके फळ निघाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

जुलै १९७९ ते जून १९८० या अकरा महिन्यांत तिने शहराचे सर्व ५९ सफाई-विभाग पायाखाली घातले. पहाटेच्या हजेरीला जावे, कचरागाडीमागे चालावे, कामगारांसह जेवावे. आणि प्रत्येक कामगारासमोर उभे राहून त्याचा हात हाती घ्यावा आणि या शहराला जिवंत ठेवल्याबद्दल त्याचे आभार मानावेत, असा तो प्रयोग. कामगार होते ८,५००. तिने हात मिळवले तेही ८,५००.

यावर पहिला आक्षेप कोणीही घेईल आणि वकिलाने तर घेतलाच पाहिजे: हस्तांदोलनाने पोट भरत नाही. आभार हे नाणे कोणत्याच पेढीवर वटत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो या कृतीला पुरेसा लागू पडत नाही, आणि त्याचे कारण त्या आकड्यात आहे. एका कामगाराचा हात हाती घेऊन छायाचित्र काढले असते तर ते प्रतीक झाले असते. महाराजांचा सोन्याचा झाडू हे जसे प्रतीक आहे तसे. साडेआठ हजार हात हे प्रतीक नव्हे, ते काम आहे. रोज, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यानंतरही करावयाचे काम. ज्यांच्या श्रमाचे स्वरूप पुनरावृत्तीचे आहे त्यांचे ऋण पुनरावृत्तीनेच फेडता येते, हे तिने ओळखले. वेदीवरची राखही रोज साचते आणि रोज काढावी लागते. उद्याची राख आज काढून ठेवता येत नाही. ज्यू आचारधर्माचा सारा भर अशा नित्यकर्मावर आहे, आणि धर्मगुरूच्या घरात वाढलेल्या या बाईने तोच भर चौकात आणला असे माझे मत आहे. तिने मूठभर राखेचा मान घेतला नाही. कपडे बदलून ती ढिगाऱ्याकडे गेली.

या कृतीच्या इंग्रजी नावात ‘स्पर्श’ हा शब्द आहे. अमेरिकन वाचकाला त्यात आपुलकी दिसेल. आपल्याला निराळे काही तरी ऐकू येते. ज्या देशात १९५० साली संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित करावे लागले, त्या देशात सफाई-कामगाराचा हात हाती घेणे ही सौजन्याची गोष्ट नव्हे, ती साक्ष आहे. न्यूयॉर्कचा कामगार संघटित होता, त्याला ठरलेला पगार आणि निवृत्तिवेतन होते. त्याला नको होती ती तुच्छता. आपल्याकडचा कामगार पुष्कळदा कंत्राटी असतो, जन्माने त्या कामाशी बांधलेला असतो, आणि तुच्छता तर त्याला वारशात मिळते. म्हणून तिचा प्रयोग जसाच्या तसा येथे आणणे हास्यास्पद होईल.

मात्र तिचा १९८४ चा एक प्रयोग जवळजवळ आपल्यासाठीच केलेला वाटावा असा आहे. हिंडताना कामगारांनी तिला सांगितले की लोक आम्हाला काय काय नावे ठेवतात. थकून कोणाच्या दाराशी पायरीवर टेकले तर घरची बाई घाणेरडे, वास मारणारे म्हणून हाकलून देते. युकलीजबाईंनी ती सारी विशेषणे गोळा केली, एका कलादालनाच्या रस्त्याकडील मोठ्या काचांवर लिहिली, आणि समाजाच्या निरनिराळ्या थरांतील लोकांना बोलावून त्यांच्या हातून ती पुसून, धुऊन काढवली. माणसाला चारचौघांत लज्जित करणे हे रक्त सांडण्यासारखे पातक आहे, असे ताल्मूदमधील धर्मज्ञांचे मत आहे. त्या मताचा याहून सरळ आविष्कार मला माहीत नाही.

येथे प्रेक्षक दाता राहत नाही. काचेवरचे शब्द त्याच्याच तोंडचे आहेत. त्याच्या हातात बोळा दिला आहे. घाण त्याने केली, ती त्यानेच काढायची. आपल्या भाषेत एका जातीचे नाव आणि एक शिवी यांत अंतर उरलेले नाही अशी कितीतरी उदाहरणे वाचक स्वतःच आठवू शकतील. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने त्यांतील काही उच्चार गुन्हा ठरवले, आणि ते योग्यच झाले. पण कायदा शब्द उच्चारल्यानंतर येतो, आणि तोही फिर्याद झाल्यास. काच धुण्याचे काम त्याला जमत नाही; ते कलेचे आहे.

आता कोणी म्हणेल, यासाठी न्यूयॉर्कला जाण्याचे कारण काय, आमच्याकडे गाडगेबाबा होऊन गेले. अगदी बरोबर. विदर्भातल्या शेंडगावी १८७६ मध्ये परीट कुळात जन्मलेला हा पुरुष गावात आला की आधी खराटा हाती घेई, दिवसभर गाव झाडी आणि रात्री कीर्तनाला उभा राही. क्रम महत्त्वाचा आहे: आधी राख, मग उपासना. बाबांच्या कीर्तनात श्रोता केवळ श्रोता नसे. ते त्याला प्रश्न विचारीत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढीत. सकाळी ज्याने आपल्या दारातला कचरा त्यांना उचलू दिला, त्याला रात्री त्यांच्यापुढे बसताना जे वाटत असेल त्याला मी ऋण म्हणतो. बेने इस्रायली कीर्तनाने जे करावयाचे योजले नव्हते ते बाबांच्या कीर्तनाने केले, आणि युकलीजबाई जेथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोचल्या तेथे हा निरक्षर माणूस त्यांच्या कितीतरी आधी उभा होता. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले.

त्यांच्यानंतर त्यांच्या खराट्याचे आपण काय केले? आपण त्याचे चित्र काढले. जसोंडीसारख्या आमच्या सरहद्दीवरच्या गावातून बऱ्हाणपूरच्या न्यायालयात जाता-येताना मला ज्या भिंती दिसतात, तशाच त्या महाराष्ट्रात आणि गोव्यातही दिसतील. स्वच्छतेची चित्रे, चष्मा, हिरवी-निळी बोधवाक्ये. रंग उत्तम, हेतू उत्तम. पण ही चित्रे पाहताना एक गोष्ट सतत जाणवते की त्यांत झाडू आहे, झाडणारा नाही. जेथे आहे तेथे तो हसरा, नीटनेटका, इस्त्रीच्या गणवेशातला. मैलागटारात उतरणारा माणूस भिंतीवर येत नाही. ही सार्वजनिक कला माझ्या कसोटीला उतरत नाही, कारण ती नागरिकाला उपदेश करते, त्याच्या नावावर देणे लिहीत नाही.

आणि देणे तर कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. हाताने मैला उचलण्याचे काम करवून घेण्यास बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, दुसरा अधिक व्यापक असा २०१३ चा. गटारात आणि टाकीत गुदमरून मेलेल्यांच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी दिला. ती रक्कम वाढवून २० ऑक्टोबर २०२३ रोजी तीस लाख केली. नव्वद वर्षांपूर्वीच्या दस्तऐवजांवरून देवळाच्या एका गुंठ्यासाठी भांडणारे पक्षकार मी पाहतो. त्याच देवस्थानाच्या शौचटाकीत माणूस उतरवला तर त्याला उतरवणारा गुन्हेगार ठरतो, हे मात्र विश्वस्तांपैकी कितींना माहीत असते? टाकी यंत्राने उपसावी लागते. संरक्षक साधनांवाचून कोणाला आत पाठवता येत नाही. कंत्राटदाराकडे बोट दाखवून ही जबाबदारी झटकण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा नावाची जमिनीखालची पाणीयोजना आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात ती झाली. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारातून आणि शंभराहून अधिक कुंड्यांतून वाहत शहरापर्यंत येते. प्रवासी येतात, कुंडीत डोकावतात, बांधणाऱ्याची तारीफ करतात, आणि तारीफ यथार्थच आहे. पण चुन्याचे थर चढून भुयारे अरुंद होतात आणि गाळ साचतो. चारशे वर्षे ते पाणी वाहिले ते कोणीतरी खाली उतरून गाळ काढला म्हणून. निर्माण करणाऱ्याचे नाव पाटीवर आहे. टिकवणाऱ्यांचे एकही नाव इतिहासाने नोंदवलेले नाही. युकलीजबाईंचा सगळा जाहीरनामा त्या एका पाटीपुढे उभे राहून वाचता येतो.

आपल्या देवस्थानांचे उत्सव कलेने भरलेले असतात. पालखी, दशावतार, रांगोळ्या, दीपस्तंभावरची रोषणाई, नाटके यांवर महिनोन्‌महिने खल होतो आणि कोणाचा कोणता मान यावरून क्वचित कज्जेही होतात. मग जत्रेच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ हीही उत्सवाचा भाग मानावयास हरकत काय? विश्वस्तांनी आणि मानकऱ्यांनी आपापल्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याची निघेल त्याने पागोटे उतरवून साधे कपडे घालावेत आणि मंडपामागच्या ढिगाऱ्यापासून सुरुवात करावी. ज्या सफाई-कामगारांना त्या दिवशी बोलावले असेल त्यांची नावे विचारून घ्यावीत, त्यांची ठरलेली मजुरी रोख आणि वेळेवर द्यावी, आणि देणगीदारांच्या फरशीशेजारी एक काळा फळा लावून त्यावर त्या वर्षीची ती नावे खडूने लिहावीत. संगमरवर नको. खडूची अक्षरे पुसली जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा लिहावी लागतात.